उठाबशांशी समेट

या सदरासाठी येणाऱ्या पत्रांत एक वाक्य वारंवार भेटते. पत्र मधुमेहाविषयी असो, गुडघ्यांविषयी असो वा झोपेविषयी; शेवटच्या चार ओळींत, काहीशा संकोचाने, ते लिहिलेले असते : ‘व्यायामाची मला मुळातच आवड नाही.’ लिहिणारी माणसे साठीच्या, सत्तरीच्या घरातली असतात. त्यांनी संसार केले, नोकऱ्या केल्या, घरातल्यांची आजारपणे काढली. कष्टांचा कंटाळा त्यांना कधीच नव्हता. तरीही डॉक्टरांनी ‘रोज थोडा व्यायाम करा’ असे म्हटले, की गृहपाठ न केलेल्या विद्यार्थ्यासारखे त्यांना वाटू लागते.

आजचा लेख त्यांच्यासाठी आहे. पहाटे साडेपाचला बूट घालून मैदानावर हजर होणाऱ्यांना त्याची गरज नाही. आयुष्यभर ज्यांना व्यायाम नकोसा वाटला आणि आता वय, डॉक्टर व मुले असे तिघेही एका सुरात त्याचा आग्रह धरू लागले आहेत, त्यांनी तो वाचावा. आणि हा आग्रह धरणाऱ्या लेकी-सुनांनी, मुला-जावयांनीही वाचावा. व्यायामाची आवड कशी निर्माण करावी हे मी सांगणार नाही. आवड लागली नाही तरी आवश्यक तेवढी हालचाल कशी करता येते, एवढाच आजचा विषय.

नावड आली कोठून?

आज जे ज्येष्ठ आहेत त्यांच्या शाळकरी वयात व्यायाम म्हणजे बहुधा उन्हातली कवायत असे. शिट्टी, रांग, आणि धावण्यात शेवटी येणाऱ्याचे हसे. पाढे चुकले, वही विसरली, वर्गात कुजबुज केली, की कान धरून उठाबशा. ज्या हालचालीवर माणसाचे म्हातारपण उभे राहते, ती आपण मुलांना शिक्षा म्हणून शिकवली. पन्नास-साठ वर्षांनी त्याच मुलांना ती नकोशी वाटावी, यात नवल ते कोणते?

शाळेबाहेर तालमींची थोर परंपरा होती. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा हिरिरीने प्रसार केला व आपल्या संस्थानातील शाळांत ते सुरू केले. अमरावतीत १९१४ मध्ये हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना झाली. महाराष्ट्राच्या आरोग्यावर या परंपरेचे ऋण मोठे आहे. पण गावोगावच्या तालमीत डोळ्यांसमोर असे तो पिळदार दंडांचा तरुण. ज्याचा देह तसा नव्हता आणि होणारही नव्हता, असा मुलगा त्या दाराशी फारसा रेंगाळला नाही. मुलींना तर जरा मोठ्या होताच ‘उड्या मारू नकोस’ अशी ताकीद मिळे. पुढे पाणी, दळण, धुणे यांतच त्यांचा देह राबला. तेव्हा ‘व्यायाम’ ही दुसऱ्या कोणाच्या तरी देहासाठी असलेली गोष्ट आहे, अशी अनेकांच्या मनाची ठाम समजूत झाली, ती अजून गेलेली नाही.

मात्र ही नावड शब्दाची आहे की हालचालीची, हे एकदा तपासून पाहावे. व्यायामाचे नाव काढताच कपाळाला आठ्या घालणाऱ्या आजीबाई आळंदीहून पंढरपूरपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटर चालत जातात आणि पुढच्या वर्षीची वाट पाहतात. आपण व्यायाम केला असे त्यांच्या मनातही येत नाही. लग्नघरी दिवसभर उभे राहणारे, भाजी निवडून घेण्यासाठी मंडईला तीन फेऱ्या मारणारे काका सायंकाळी ‘फिरायला चला’ म्हटले की पाय दुखत असल्याचे सांगतात. ते खोटे बोलत नसतात. कामासाठी, श्रद्धेसाठी, माणसांसाठी चालणे त्यांना जमते. केवळ चालण्यासाठी चालणे त्यांना निरर्थक वाटते.

शरीराला मात्र हा भेद कळत नाही. लंडनमधील एका जुन्या अभ्यासाने ते फार सुंदर रीतीने दाखवून दिले. जेरी मॉरिस या डॉक्टरांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील दुमजली बसवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला आणि १९५३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. चालक दिवसभर बसून. वाहक तिकिटे देण्यासाठी दिवसभर जिना चढत-उतरत. एकाच सेवेतील ही माणसे. पण हृदयविकाराचे प्रमाण वाहकांमध्ये चालकांपेक्षा कमी आढळले. त्या वाहकांना कोणी व्यायाम करायला सांगितले नव्हते. ते आपली नोकरी करत होते.

पणाला काय लागले आहे?

आपल्याकडे वडीलधाऱ्यांची देवापाशी एकच मागणी असते : हातीपायी धड असताना डोळे मिटावेत. मरणापेक्षा परावलंबनाची भीती अधिक असते. हे परावलंबन एका दिवसात येत नाही. प्रथम माणूस पाटावर बसणे सोडतो, कारण उठताना त्रास होतो. मग बैठ्या शौचालयाऐवजी कमोड लागतो. मग कमोडवरून उठताना भिंतीचा आधार लागतो, मग कठडा, आणि शेवटी कोणाचा तरी हात. यांतील प्रत्येक सोय आवश्यकच असते. गुडघे झिजलेल्या माणसाला पाटावर बसवणे हा काही उपाय नव्हे. पण प्रत्येक सोयीबरोबर मांड्यांचे एक काम सुटते, आणि जे काम सुटते त्याची ताकदही हळूहळू सुटते. वाढत्या वयाबरोबर स्नायू घटतात हे खरे. पण त्यांना काम नसेल तर ते अधिकच वेगाने घटतात.

हा दुसरा भाग किती मोठा आहे, याचा प्रत्यय अमेरिकेतील डॅलस येथे झालेल्या एका प्रयोगाने दिला. १९६६ मध्ये विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणात झोपवून ठेवण्यात आले. श्रम करण्याची त्यांची क्षमता त्या अवधीत लक्षणीय घसरली. तीस वर्षांनंतर, पन्नाशीत, त्याच पाच जणांना पुन्हा तपासले. तीस वर्षांच्या वयोमानाने त्यांची क्षमता जितकी घटली होती, त्याहून अधिक घट तरुणपणीच्या त्या तीन आठवड्यांच्या झोपण्याने झाली होती! त्यानंतर सहा महिने चालणे, हलके धावणे, सायकल चालवणे असा क्रमाक्रमाने वाढवलेला व्यायाम त्यांनी केला, आणि वयाने गेलेली क्षमता भरून निघाली.

‘पण ते पन्नाशीचे होते, आमचे काय?’ असा प्रश्न येणारच. त्याचे उत्तर बॉस्टनमध्ये मिळाले. डॉ. मारिया फियाटारोन यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वृद्धांच्या एका निवासी संस्थेतील दहा अशक्त व्यक्ती होत्या; त्यांचे सरासरी वय ९० होते. मांडीच्या स्नायूंना वजनाचा व्यायाम देण्याचा आठ आठवड्यांचा कार्यक्रम त्यांच्यासाठी आखला गेला. नऊ जणांनी तो पूर्ण केला. त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, आणि दोघांनी चालताना हातातली काठी सोडली. व्यायाम थांबवल्यावर चार आठवड्यांत मिळवलेल्या ताकदीचा बराचसा भाग पुन्हा ओसरला, हेही त्याच अभ्यासात दिसले. नव्वदीतही स्नायूला काम दिले तर तो प्रतिसाद देतो. आणि काम काढून घेतले तर तोही हिशेब चुकता करतो.

खुर्चीवरच्या उठाबशा

तेव्हा ज्या उठाबशांनी आपल्याला लहानपणी रडवले, त्यांच्याशी या वयात समेट करावा. कान धरण्याची गरज नाही, आणि पूर्ण खाली बसण्याचीही नाही. सतरा-अठरा इंच उंचीची, चाके नसलेली, हात असलेली भक्कम खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी. बैठकीच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसावे. पावले खांद्यांइतक्या अंतरावर, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे घ्याव्यात. कमरेतून पुढे झुकावे, इतके की नाक पायाच्या बोटांच्या वर येईल, आणि श्वास सोडत उभे राहावे. क्षणभर थांबावे. मग मनात तीन अंक मोजत सावकाश बसावे. धपकन अंग टाकू नये; सावकाश खाली येताना मांडीचे स्नायू मोठे काम करत असतात. श्वास रोखून धरू नये.

सुरुवात पाच वेळा उठण्या-बसण्याने करावी. जमत नसेल तर खुर्चीच्या हातांचा आधार घ्यावा किंवा बैठकीवर घट्ट उशी ठेवून उंची वाढवावी. काही दिवसांनी एकाच हाताचा आधार, मग हात मांड्यांवर, मग हात छातीशी दुमडलेले, असा क्रम ठेवावा. ही प्रगती कोणाला दोन आठवड्यांत साधेल, कोणाला दोन महिन्यांत. घाई नाही.

आपण कोठे आहोत हे पाहण्याची एक सोपी चाचणीही याच हालचालीवर बेतलेली आहे. हात छातीशी दुमडून तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहता येते ते मोजायचे. त्या वेळी जवळ कोणीतरी असावे. अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या कोष्टकानुसार ७० ते ७४ या वयात पुरुषांना १२ हून कमी व स्त्रियांना १० हून कमी वेळा जमले, तर पायांची ताकद सरासरीहून कमी व पडण्याचा धोका अधिक समजतात. ८० ते ८४ या वयासाठी हे आकडे अनुक्रमे १० व ९ आहेत. ही परीक्षा नव्हे. आजचा आकडा लिहून ठेवावा, दीड महिन्याने पुन्हा मोजावे आणि तुलना फक्त स्वतःशी करावी.

ओट्यापाशी दोन मिनिटे

पायांच्या ताकदीइतकाच महत्त्वाचा आहे तोल. म्हातारपणी पडणे आणि खुब्याचे हाड मोडणे, या एका घटनेने कितीतरी घरांचे दिवस पालटतात. न्यूझीलंडमध्ये ‘ओटागो’ या नावाने ओळखला जाणारा, घरच्या घरी करण्याचा ताकदीचा व तोलाचा एक कार्यक्रम तयार झाला. ज्येष्ठांवर घेतलेल्या चाचण्यांमध्ये त्याने पडण्याचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटले. केवळ चालण्याने तोल पुरेसा सुधारत नाही; त्यासाठी तोलाचाच सराव लागतो.

त्याला स्वतंत्र वेळ काढण्याची गरज नाही. चहाला उकळी येईपर्यंत स्वयंपाकघराच्या ओट्याला दोन्ही हातांनी धरून टाचा उचलाव्यात व सावकाश टेकाव्यात. असे आठ-दहा वेळा. मग एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या अंगठ्याला लावून, एका रेषेत दहा सेकंद उभे राहावे. पाय बदलून पुन्हा. हे सहज जमू लागले की ओट्याला हाताची बोटे टेकवून एका पायावर दहा सेकंद उभे राहून पाहावे. गॅस पेटलेला असल्याने ओट्याच्या दुसऱ्या टोकाला उभे राहावे. फरशी कोरडी असावी, आणि साडीचा किंवा धोतराचा काठ पायात येणार नाही याकडे लक्ष द्यावे. ज्यांना मुळातच तोल जाण्याचा त्रास आहे, त्यांनी हे एकट्याने करू नये.

दहा हजार नव्हे, शतपावली

‘दिवसाला दहा हजार पावले’ हा आकडा ऐकूनच अनेकांचा धीर खचतो. त्या आकड्याचा उगम १९६० च्या दशकात जपानमध्ये विक्रीस आलेल्या, पावले मोजणाऱ्या एका यंत्रात आहे. त्याच्या नावाचा अर्थच ‘दहा हजार पावलांचा मापक’ असा होता. तो आकडा कोणत्याही वैद्यकीय अभ्यासातून निघालेला नव्हता. २०१९ मध्ये अमेरिकेतील सोळा हजारांहून अधिक ज्येष्ठ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांचे सरासरी वय ७२ होते. दिवसाला सुमारे २७०० पावले चालणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे ४४०० पावले चालणाऱ्या स्त्रियांमध्ये मृत्यूचे प्रमाण लक्षणीय कमी होते. पावले वाढत गेली तसा फायदाही वाढत गेला, पण साधारण ७५०० पावलांनंतर तो फारसा वाढला नाही.

आपल्याकडे तर याहून लहान मापाचा शब्द पिढ्यान्‌पिढ्या आहे : शतपावली. जेवणानंतर थोडे चालावे, या सांगण्यामागे तथ्य आहे. अमेरिकेत २०१३ मध्ये साठीपुढील दहा व्यक्तींवर एक छोटा अभ्यास झाला. त्यांच्या रक्तातील साखर वाढण्याकडे झुकलेली होती. दिवसाच्या तीनही जेवणांनंतर पंधरा-पंधरा मिनिटे चालणे आणि सकाळी एकदाच पंचेचाळीस मिनिटे चालणे, या दोहोंनी चोवीस तासांतील साखर सारखीच सुधारली; रात्रीच्या जेवणानंतरची साखर मात्र जेवणानंतर चालण्यानेच अधिक आटोक्यात राहिली. पहाटे उठून फिरायला जाणे ज्यांना संकट वाटते, त्यांना यातून मोकळीक मिळते. व्हरांड्यात, इमारतीच्या आवारात, पावसाळ्यात घरातल्या घरात या खोलीतून त्या खोलीत चालले तरी चालते. शेवाळलेल्या वाटेवर भिजत फिरण्यापेक्षा ते कधीही बरे. मात्र ज्यांना हृदयाचा त्रास आहे त्यांनी भरपेट जेवून लगेच भरभर चालू नये.

किती दमावे?

व्यायाम न आवडणारी व्यक्ती जेव्हा निश्चय करते, तेव्हा ती बहुधा जोरात सुरुवात करते. पहिल्याच दिवशी पाऊण तास चालणे, दुसऱ्या दिवशी पोटऱ्यांत गोळे, तिसऱ्या दिवशी विश्रांती, आणि चौथ्या दिवशी ‘मी म्हटलेच होते’. दम लागण्याची एक मर्यादा ओलांडली की व्यायाम जवळजवळ प्रत्येकालाच अप्रिय वाटू लागतो. सवय नसलेल्यांच्या बाबतीत ही मर्यादा खाली असते, आणि म्हणूनच ती लवकर ओलांडली जाते. ज्याला आपण स्वभावातला आळस म्हणतो, तो पुष्कळदा चुकीच्या वेगाचा परिणाम असतो.

वेग ठरवण्याचे माप सोपे आहे. चालताना सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्यात बोलता आले पाहिजे. गाणे म्हणणे मात्र जड जावे. बोलणे तुटू लागले तर वेग कमी करावा. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’तही व्यायाम अर्ध्या शक्तीनेच करावा, असे सांगितले आहे. त्याच ग्रंथात वृद्धांनी व्यायाम टाळावा असेही म्हटले आहे, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. आजचे वैद्यकशास्त्र या दुसऱ्या मताशी सहमत नाही. अर्ध्या शक्तीचा सल्ला मात्र नवख्यांसाठी आजही उत्तम आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार ६५ वर्षांपुढील व्यक्तींनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा आणि किमान तीन दिवस तोलाचा सराव करावा. त्याच मार्गदर्शनात असेही स्पष्ट म्हटले आहे, की काहीच न करण्यापेक्षा थोडे करणे चांगले. पत्रांतून विचारला जाणारा ‘घरकामात होतो की व्यायाम, मग वेगळा कशाला?’ हा प्रश्न रास्त आहे. घरकाम हालचालीत जरूर धरावे. पण रोजचे काम रोजच्याच ताकदीने होते. त्यातून पायांची ताकद वाढत नाही आणि तोलाचा सरावही पुरेसा होत नाही. त्याला खुर्चीची व ओट्याची जोड द्यावी.

सहा आठवड्यांचा बेत

पहिले दोन आठवडे सकाळच्या चहापूर्वी खुर्चीवर पाच वेळा उठणे-बसणे आणि रात्रीच्या जेवणानंतर पाच मिनिटे चालणे, एवढेच करावे. अधिक करण्याचा उत्साह आला तरी करू नये. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात उठणे-बसणे सकाळी व सायंकाळी, चालणे दहा मिनिटे, आणि ओट्यापाशी टाचा उचलणे. पाचव्या-सहाव्या आठवड्यात उठणे-बसणे आठ ते दहा वेळा, तोलाचा सराव एका दिवसाआड, आणि दोन्ही जेवणांनंतर दहा-अकरा मिनिटे किंचित भरभर चालणे. एवढे जमले की आठवड्याच्या दीडशे मिनिटांचा टप्पा गाठलाच म्हणायचा. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या त्या दिवशी एक खूण करावी.

मधे खंड पडणारच. पाहुणे येतील, सर्दी-ताप होईल, दिवाळी येईल. खंड पडला म्हणून निश्चय मोडला असे समजू नये. आठवडाभराहून अधिक खंड पडला असेल तर आधीच्या निम्म्याने पुन्हा सुरुवात करावी.

गुडघेदुखी असलेल्यांनी भिऊन हालचाल बंद करू नये. गुडघ्यावरचा भार पेलणारे मांडीचे स्नायू बळकट झाले तर झिजलेल्या गुडघ्यालाही आराम मिळतो. नव्या व्यायामाने स्नायू एक-दोन दिवस ठणकणे स्वाभाविक आहे. पण सांध्याचे दुखणे व्यायामानंतर दोन तासांनीही नेहमीपेक्षा अधिक असेल, तर पुढच्या वेळी प्रमाण कमी करावे.

आधी डॉक्टरांना विचारावे असे काही प्रसंग आहेत. थोड्या श्रमानेही छातीत दडपण किंवा धाप येणे, अलीकडे चक्कर येऊन शुद्ध हरपणे, आटोक्यात नसलेला रक्तदाब. किंवा गेल्या काही महिन्यांत हृदयाचा झटका, हाड मोडणे, सांध्याची वा डोळ्याची शस्त्रक्रिया झाली असल्यास परवानगीशिवाय सुरुवात करू नये. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी चालू नये व खिशात साखर किंवा गोळ्या-बिस्किटे ठेवावीत; पायांना बधिरपणा असेल तर बंद, मऊ बूट घालावेत आणि रोज तळवे तपासावेत. उठल्याबरोबर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर आधी मिनिटभर पलंगाच्या कडेला बसावे आणि हे डॉक्टरांच्या कानावर घालावे. एखादे औषधही त्याला कारण असू शकते. व्यायाम करताना छातीत आवळल्यासारखे वाटले, कळ जबड्यात वा हातात गेली, थंड घाम सुटला, तर तत्काळ थांबून मदत मागवावी.

सांभाळणाऱ्यांसाठी

आता दोन शब्द मुला-सुनांना. आई किंवा बाबा खुर्चीवरून उठताना अडखळले, की आपला हात आपोआप पुढे होतो. तो मायेचाच असतो. पण त्यांना स्वतः उठता येत असेल तर पाच-दहा सेकंद थांबावे. जवळ उभे राहावे, पडू देऊ नये. पण ओढून उठवू नये. घाईने दिलेला प्रत्येक हात त्यांच्या मांड्यांचे एक काम काढून घेतो. इस्पितळातून घरी आल्यावर तर हे विशेष जपावे. ‘आता तुम्ही फक्त आराम करा’ हे वाक्य बोलण्याआधी त्या डॅलसच्या तरुणांची आठवण ठेवावी. डॉक्टरांनी पूर्ण विश्रांती सांगितली नसेल, तर पाण्याचा तांब्या उशाशी आणून देण्याऐवजी त्यांच्याबरोबर स्वयंपाकघरापर्यंत चालत जावे.

‘शेजारचे काका पंचाहत्तरीतही टेकडी चढतात’ हे सांगू नये. शाळेच्या मैदानावरचा जुना सल त्याने पुन्हा जागा होतो. ‘आज चाललात का?’ असे रोज दरडावून विचारू नये. ‘कोथिंबीर संपली आहे, आणायला माझ्याबरोबर येता का?’ असे विचारावे. ज्यांना हेतूविना चालणे जमत नाही, त्यांना हेतू द्यावा : देऊळ, वाचनालय, नातवंडाला शाळेच्या बसपर्यंत सोडणे. व्यायामाचा उल्लेखही नको.

आणि ज्यांनी संकोचाने पत्रांत ते वाक्य लिहिले, त्यांना एवढेच सांगायचे आहे, की व्यायाम आवडला पाहिजे असे कोणतेही बंधन आपल्यावर नाही. रक्तदाबाची गोळी आवडते म्हणून कोणी घेत नाही. काहींना दोन-तीन महिन्यांनी चालण्याची गोडी लागेल, काहींना कधीच लागणार नाही. मांडीचे स्नायू दोघांचेही सारखेच बळकट होतील. उद्या सकाळी चहापूर्वी खुर्ची भिंतीला लावावी, पाच वेळा उठावे-बसावे, आणि दिनदर्शिकेत पहिली खूण करून चहा घ्यावा.